बरकत, दोन, तीन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात मोजणी कधी 'एक'पासून सुरू झाली नाही. माझे अब्बा बागवान. तासगावात द्राक्षांचा व्यापार करायचे. हंगामात पहाटे पेट्या ट्रकवर चढवताना ते मोठ्यानं मोजायचे. पहिली पेटी उचलली, की म्हणायचे, 'बरकत'. मग दोन, तीन, चार. शेजारच्या अडतीत धान्य मापताना 'लाभ, दोन, तीन' असा आवाज यायचा. पहिल्या मापाला आकडा म्हणायचा नाही, वरच्याकडं काहीतरी मागून सुरुवात करायची, अशी ती रीत. शाळेत गुरुजींनी मला दहापर्यंत मोजायला सांगितलं आणि मी 'बरकत, दोन, तीन' म्हणाले, तेव्हा अख्खा वर्ग हसला. गुरुजी तेवढे हसले नाहीत. "घरी तसंच म्हण, इथं एक म्हण," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी घरी एक आणि बाहेर एक असं मोजत आले.

हे सगळं आठवायला मला इटलीला जावं लागलं, याचं माझं मलाच नवल वाटतं. मुलगी आणि जावई नोकरीसाठी मिलानला असतात. गेल्या वर्षी मी मुलीच्या बाळंतपणाला गेले. सव्वा महिना पाळला, नात दोन-अडीच महिन्यांची झाली, आणि सप्टेंबरच्या शेवटी जावई म्हणाले, "अम्मी, आता आठ दिवस गाडी काढू. टस्कनी बघून मग घरी जा."

टस्कनी म्हणजे इटलीचा मधला, डोंगराळ पट्टा. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा ही जुनी शहरं याच भागातली. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्यांना कियांती म्हणतात. तिथली वाइन जगभर जाते. १७१६ मध्ये तिसरा कोसिमो या मेदिची घराण्यातल्या ग्रँड ड्यूकनं एक फर्मान काढून या द्राक्षमुलखाच्या सीमा आखून दिल्या. कुठली वाइन कियांतीची म्हणायची आणि कुठली नाही, हे तीनशे वर्षांपूर्वीच कागदावर आलेलं.

त्याच्याही आधीची एक दंतकथा तिथं सांगतात. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीवरून कायमचं भांडण. शेवटी ठरलं, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, आणि जिथं दोघं भेटतील तिथं सीमा. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा रात्र सरायच्या आतच आरवला, त्यांचा स्वार निघाला, आणि दोघं भेटले ते पार सिएनाच्या जवळ. तो काळा कोंबडा आजही कियांती क्लासिको वाइनच्या बाटलीवर असतो. भुकेनं हद्दी ठरतात, ही गोष्ट मला आपल्याकडची वाटली.

आम्ही ग्रेव्हे गावाजवळ एका शेतघरात उतरलो. सकाळी दार उघडलं आणि समोर द्राक्षबाग! तोडणी चालू होती. बागवानाच्या मुलीला ते बघून घरात कसं बसवेल? मी सरळ बागेत शिरले. आमच्याकडं वेल मांडवावर किंवा लोखंडी अँगलवर डोक्याच्या वर चढवतात, खालून घड लोंबतात. इथं तारांना बांधलेले वेल, सरळ ओळीत, पहिलीच्या मुलांसारखे उभे. आमच्याकडं एप्रिलात खरड छाटणी आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. वेलाला झोप म्हणून नाही. इथं हिवाळ्यात पानं गळतात, वेल निवांत झोपतो आणि त्या झोपेतच एकदा छाटणी होते. घड लहान, मणी काळेनिळे, आत बिया. या जातीचं नाव सान्जोव्हेजे. आमच्या भागात निघालेल्या जातीचं नाव मी त्यांना सांगितलं, तास-ए-गणेश. त्यात तासगावही आहे आणि गणपतीही. मुलीनं ते समजावून सांगितलं तेव्हा घरमालकीणबाई हसल्या आणि त्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं.

संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांसाठी वाइन मांडली. मी पीत नाही म्हटल्यावर त्यांनी आग्रह केला नाही. आतून नुकत्याच गाळलेल्या द्राक्षांचा गोड रस आणि काळी द्राक्षं घालून भाजलेली रोटी आणून ठेवली. मग मला घराच्या माळ्यावर घेऊन गेल्या. माळ्यावर द्राक्षांचे घड वाळत टांगलेले, काही बोरूच्या चटईवर पसरलेले. 'व्हिन सान्तो' नावाची गोड वाइन करण्यासाठी द्राक्षं अशी काही महिने सुकवतात. त्या अंधाऱ्या माळ्यावर जो वास आला, तो थेट आमच्या बेदाण्याच्या शेडचा. पुढं त्याचं काय होतं ते वेगळं, पण तिथपर्यंत आमची आणि त्यांची वाट एकच होती. अब्बांना हे दाखवायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

रात्री मी जावयांना गंमत सांगितली. अल्कोहोल हा शब्द मूळचा अरबी, 'अल्-कुह्ल'. कुह्ल म्हणजे सुरमा, डोळ्यात घालायची बारीक पूड. तो शब्द आधी बारीक पुडीचा, मग गाळून काढलेल्या अर्काचा आणि शेवटी दारूचा झाला. म्हणजे नातीच्या डोळ्यात मी रोज जे घालते, त्याचंच नाव समोरच्या बाटलीला चिकटलेलं! जावई म्हणाले, "अम्मी, हे तुम्ही इथं मोठ्यानं सांगू नका, धंदा बसेल यांचा."

दुसऱ्या दिवशी सान जिमिन्यानोला गेलो. टेकडीवरचं लहान गाव, आणि त्यातून वर गेलेले दगडी चौकोनी मनोरे. एके काळी इथं सत्तरच्या वर मनोरे होते म्हणतात, आज चौदा उरलेत. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर चढ करण्यासाठी बांधलेले. इथल्या पांढऱ्या वाइनचं नाव व्हेर्नाच्चा. १९६६ मध्ये इटलीनं वाइनला प्रदेशाच्या नावाचं सरकारी संरक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला मान तिला मिळाला. पण एका दुकानात मला वेगळीच वस्तू दिसली. लहानशा डबीत केशर. तेराव्या शतकात हे गाव श्रीमंत झालं, त्यात केशराच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. आणि त्याचं इटालियन नाव 'झाफेरानो'. मी दुकानातच थांबले. ईदच्या बिर्याणीसाठी माझी अम्मा दुधात 'जाफरान' भिजवायची, तोच अरबी शब्द. मग मला नादच लागला. कापसाला 'कोतोने', अरबी कुत्न. साखरेला 'झुक्केरो', अरबी सुक्कर. सीमेवरच्या करनाक्याला 'दोगाना', त्याच्या मुळाशी आपलं 'दिवाण'. मला आमच्या गावचा जुना जकात नाका आठवला. त्यातली जकातही अरबीच, मूळ धर्मातल्या दानाची. अब्बा जकात भरायचे तेव्हा ना त्यांच्या हे मनात यायचं, ना नाक्यावरच्या कारकुनाच्या. शब्द मात्र मुकाट आपलं काम करत होता.

सिएनाला गेलो, तेव्हा शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात लोक विटांवरच पाय पसरून बसले होते. चौकाच्या तळाशी नगर-प्रासाद आहे. चौदाव्या शतकात नऊ जणांचं मंडळ तिथून शहराचा कारभार बघायचं. त्यांच्या बैठकीच्या दालनाच्या भिंतींवर आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ मध्ये चांगलं राज्य आणि वाईट राज्य रंगवून ठेवलं. कारभाऱ्यांनी डोकं वर केलं की समोर दिसावं, म्हणून. चांगल्या राज्याच्या चित्रात घरं बांधणारे गवंडी आहेत, दुकानं आहेत, शिकवणारा मास्तर आहे, रस्त्यात फेर धरून नाचणारी मंडळी आहेत. वाईट राज्याच्या चित्रात ओसाड शिवार.

मी सगळ्यात जास्त वेळ बघत राहिले ते शहराचं दार. दार उघडं आहे. बाहेर शेतं, द्राक्षमळे. आणि लादलेली जनावरं हाकत खेड्यातली माणसं शहराकडं येताहेत. त्या माणसांत मी अब्बांना बघितलं. ओझं घेऊन येणाऱ्याला निर्धास्त आत येता यावं, ही चांगल्या राज्याची खूण त्या चित्रकाराला कळली होती. हे चित्र झालं आणि नऊच वर्षांनी, १३४८ मध्ये, प्लेगची साथ आली. सिएनानं आपलं चर्च आणखी मोठं करायला घेतलं होतं, ते काम थांबलं. तिथली अर्धवट उभी भिंत आजही तशीच आहे.

आता मी ज्यासाठी एवढं सगळं सांगतेय, तिथं येते.

फ्लॉरेन्सला उफिझी संग्रहालयात फार गर्दी होती. बाळाला घेऊन मुलगी एका बाकावर बसली आणि म्हणाली, "अम्मी, तू बघून ये." मी एका दालनात गेले, तिथं सोन्यानं लखलखणारं एक मोठं चित्र होतं. जेंतिले दा फाब्रियानो या चित्रकारानं १४२३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका धनिकासाठी काढलेलं. पूर्वेकडून तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेत, असा प्रसंग. घोडे, माकडं, चित्ते, जरीची वस्त्रं, नुसती जत्रा. आणि एका कडेला बाळाला मांडीवर घेऊन मरियम बसलेली. तिच्या डोक्यामागं सोन्याचं तेजोवलय. मी जवळ गेले आणि दचकले. त्या वलयात अरबी अक्षरं होती.

मी वाचायला लागले. लहानपणी मदरशात शिकलेय, अक्षर दिसलं की जीभ आपोआप हलते. हा अलिफ वाटतो, हा लाम वाटतो, हे पुढचं काय? उजवीकडून गेले, पुन्हा गेले. शब्द काही होईना. नंतर समजलं, की तिथं शब्द नाहीतच. त्या काळी इजिप्त आणि सीरियातून पितळेची नक्षीदार ताटं, रेशमी कापड इटलीत यायचं. त्यांच्या काठावर अरबी लेख असायचे. फ्लॉरेन्सनं १४२१ मध्ये लिव्होर्नो हे बंदर विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी व्यापारासाठी कैरोच्या सुलतानाकडं वकील पाठवले. त्यानंतर वर्षभरातच हे चित्र पुरं झालेलं. वलयाच्या पट्टीत अक्षरांच्या मधे मधे फुलं आहेत, ती ताटांवर असतात तशीच. अनेक इटालियन चित्रकारांनी अशी अक्षरं काढलीत. ही पवित्र भूमीकडची लिपी, म्हणून मरियमला शोभेल, असं त्यांना वाटत असावं, असा अभ्यासकांचा एक तर्क आहे.

म्हणजे त्या माणसाला त्या अक्षरांचा अर्थ येत नव्हता. तरी त्यानं ती सोन्यात काढली, आणि त्याच्या मनातल्या सगळ्यात पवित्र स्त्रीच्या डोक्याभोवती काढली.

श्रोतेहो, त्या चित्रासमोर मला माझी अम्मा आठवली. अम्मा रोज पहाटे कुराण वाचायची, मोठ्यानं, पुढच्या खोलीत. तिला अरबी कळत नव्हतं. आमच्या गल्लीत कुणालाच कळत नव्हतं. अक्षर ओळखून सुरात वाचायचं, एवढंच शिक्षण. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. कविता नुकत्याच छापून यायला लागल्या होत्या, आणि 'मुसलमान असूनही छान मराठी लिहिते' ही शाबासकीही मिळायला लागली होती. ती शाबासकी सलायची, पण आवडायचीही, हे आज कबूल करते. एका पहाटे मी अम्माला म्हणाले, "अर्थ कळत नाही तर वाचून काय उपयोग? पोपट पण बोलतो." अम्मा म्हणाली, "मेरेकू नै समजता तो क्या हुआ, उसकू समजता ना." मी हसले. दुसऱ्या दिवसापासून अम्मा मागच्या खोलीत वाचायला बसू लागली. हळू आवाजात. आम्ही दोघीही पुन्हा कधी त्यावर बोललो नाही.

पुढं माझं लग्न झालं, मला दिवस गेले. गरोदर लेकीसाठी 'सूरे मरियम' वाचायची आमच्याकडं पद्धत आहे. कुराणात नावानं आलेली स्त्री एकच, ती मरियम. तिच्या नावाचा हा एकोणिसावा अध्याय. बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा अम्मा रोज मागच्या खोलीत माझ्यासाठी तो वाचायची. मी भिंतीच्या अलीकडून ऐकायची. वाचताना 'मरियम' हे नाव आलं की अम्माचा आवाज जरा थांबायचा, कारण साऱ्या पानावर तिला ओळखता येणारा तेवढाच एक शब्द होता. जिच्यासाठी ती वाचत होती ती माझी मुलगी आता उफिझीच्या बाकावर आपल्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. आणि अम्माला जाऊन सहा वर्षं झाली होती. माफी मागायला माणूस उरलं नव्हतं.

सहाशे वर्षांपूर्वीच्या कुणा परक्या, परधर्मी माणसानं अम्मासारखंच केलं होतं. कळत नाही म्हणून टाकून दिलं नाही. कळत नसतानाही हात जपून चालवला. मी आयुष्यभर अर्थाच्या मागं लागले, आणि ते चुकलं असं नाही म्हणणार मी. कविता करणाऱ्या बाईला अर्थ हवाच. पण अर्थाच्या आधी एक अदब असते, ती मला त्या दिवशी समजली. उशिरा समजली.

शेवटचा मुक्काम पिसाला. कलता मनोरा सगळे बघतात, आम्हीही बघितला. त्याच्या शेजारचं जे भव्य चर्च आहे, ते अकराव्या शतकात बांधायला घेतलं. १०६३ मध्ये पिसाच्या आरमारानं पालेर्मो या त्या वेळच्या मुस्लीम बंदरावर स्वारी केली, तिथल्या लुटीचा पैसा या बांधकामाला लागला. व्यापाराबरोबर तलवारही चालत होती, हे विसरून चालणार नाही. त्या चर्चच्या छपरावर कितीतरी शतकं काशाचा एक पक्षी-सिंह बसलेला होता. तोंड गरुडाचं, अंग सिंहाचं. १८२८ मध्ये त्याला खाली उतरवलं. आता छपरावर प्रतिकृती आहे आणि मूळ मूर्ती शेजारच्या संग्रहालयात. ही मूर्ती इस्लामी कारागिराची, बहुधा त्या काळच्या मुस्लीम स्पेनमधली. तीही लुटीतून आली असावी, असं मानतात.

त्या मूर्तीच्या अंगावर कूफी लिपीत अरबी लेख आहे. इथली अक्षरं मात्र खरी आहेत, त्यांना अर्थ आहे. मूर्ती ज्याच्याकडं असेल त्याचं भलं चिंतणारा तो लेख आहे. आणि त्याचा पहिलाच शब्द आहे 'बरका'. म्हणजे बरकत.

त्या चर्चमध्ये रोज प्रार्थना होत होती, घंटा वाजत होत्या, आणि वर छपरावर, कुणालाही वाचता न येणारी बरकत साऱ्या शहरासाठी बसलेली होती.

याच पिसाचा लिओनार्दो फिबोनाची. त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीनं आजच्या अल्जेरियातल्या बुजिया बंदराच्या नाक्यावर काम करायचे. मुलगा तिथं हिशेब शिकला आणि १२०२ मध्ये त्यानं 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहून आपल्याकडचे आकडे युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावले. हे नऊ आकडे भारतीयांचे आहेत, असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलंय. आपल्या 'शून्य'चं अरबीत 'सिफ्र' झालं, त्यातून पुढं 'झिरो'. पण या आकड्यांत खोटेपणा होईल, अशी लोकांना भीती वाटायची. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानं १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला बंदीच घातली. तीच फ्लॉरेन्स पुढं याच आकड्यांवर युरोपची पेढी झाली.

त्या मूर्तीसमोर नात माझ्या खांद्यावर होती. मी तिची बोटं मोजली. बरकत, दोन, तीन. मुलगी म्हणाली, "अम्मी, हे काय मोजणं?" मी तिला हे कधी शिकवलंच नव्हतं. शाळेतला तो हशा मी तिच्यापर्यंत पोचू दिला नव्हता, पण त्यापायी अब्बांचा शब्दही पोचू दिला नव्हता.

परत आल्यावर मी अम्माचं कुराण काढलं. शेजारी मराठी भाषांतर ठेवलंय, तेही वाचते. पण आधी अरबी वाचते, अम्माच्या चालीत. मोठ्यानं, पुढच्या खोलीत.